अल्हम्दुलिल्लाहचा आकडा

प्रिय लमीस,

तुझा निरोप मिळाला. 'इनआम, सही कर आणि मोकळी हो. सगळ्यांचं भलं त्यातच आहे, उगाच ताणू नकोस.' उत्तर तिथल्या तिथे फोनवर देता आलं असतं, पण फोनवर आपण दोघी आधी भांडतो आणि मग भांडण मिटवायच्या घाईत मुद्दा राहून जातो. म्हणून शाळेतून उरलेली चौकटीची वही काढून बसले आहे. सकाळचे नऊ वाजलेत, शेजारी मरमियाच्या पानांचा चहा आहे आणि गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी बांधली आहे. खालच्या मजल्यावरच्या उम्म वाएलची सून बाळंत झाली, मुलगी झाली. नावावरून दोन्ही आज्यांमध्ये अबोला आहे आणि पोरगी आठ दिवस बिननावाची रडते आहे. यंदा वांगी छान कोवळी मिळाली, तुझ्या वाटणीचं मकदूस भरून तेलात मुरत ठेवलंय. बाबांच्या कबरीवर जाऊन आले. बाकी घरात सगळं जिथल्या तिथे आहे. घराबाहेरचं मात्र नाही, आणि ते तुला माझ्या तोंडून कळावं असं वाटतं. तुझ्यापर्यंत ते इतर कुणाकुणाच्या तोंडून पोचलंय, हे तुझ्या निरोपावरून दिसतंच आहे.

हे काम मला तूच मिळवून दिलंस, हे मी विसरलेले नाही. एकतीस वर्षं मुलींना गणित शिकवून निवृत्त झाले, तेव्हा मी दिवसभर खिडकीत बसून लोकांच्या दोऱ्यांवरचे कपडे मोजायला लागले होते. तू हसून म्हणालीस, "तुला मोजायचंच आहे ना, मग माणसं मोज." राजधानीतल्या तुझ्या कंपनीला आपल्या नगरपालिकेचं काम मिळालं होतं: शहरातली माणसं आपल्या आयुष्यावर आणि मिळणाऱ्या सोयींवर किती समाधानी आहेत, हे दारोदार जाऊन विचारायचं. पाणी, कचरा, दिवे, दवाखाना, रस्ते. आणि सगळ्यात शेवटी, एकूण आयुष्य. प्रत्येकाला शून्य ते दहा. हॉटेलात दोन दिवस प्रशिक्षण झालं, पालक-चीज भरलेले खमंग फताएर खायला दिले, हातात टॅब दिला. गळ्यात ओळखपत्र घालून मी पहिल्यांदा बाहेर पडले, तेव्हा आरशात बघून स्वतःशीच म्हणाले, इनआम, तू अजून संपलेली नाहीस. त्याबद्दल तुझे आभार. हे खरंच मनापासून.

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की प्रश्नावली करणाऱ्यांना आपली माणसं ठाऊक नाहीत. पाण्याला किती, कचऱ्याला किती, ते लोक सांगत. पण 'एकूण आयुष्यावर किती समाधानी?' असं विचारलं, की पलीकडून एकच उत्तर: "अल्हम्दुलिल्लाह." अल्लाहची स्तुती झाली, दार बंद. आता ह्याचा आकडा काय लिहायचा? एका न्हाव्याच्या मुलाला त्याच आठवड्यात बंदरात नोकरी लागली होती, तो बाप अल्हम्दुलिल्लाह म्हणाला तेव्हा त्याच्या खांद्यांनासुद्धा हसू फुटलं होतं. त्याच गल्लीत एक बाई, नवरा दीड वर्षं अंथरुणाला, तिनेही अल्हम्दुलिल्लाहच म्हटलं, पण जमिनीकडे बघून, आणि म्हणता म्हणता ओढणीच्या टोकाची गाठ मारली. शब्द तोच. मी एकीच्या पुढे आणि दुसऱ्याच्या पुढे सारखाच आकडा कसा लिहू? मग मी माझी रीत काढली. म्हणायची, "अल्हम्दुलिल्लाह, प्रत्येक अवस्थेत. हे आपलं आणि अल्लाहचं झालं. आता माझ्या यंत्राला अरबी कळत नाही, त्याला एक आकडा सांगा." लोक हसत आणि सांगत. न्हावी नऊ म्हणाला. त्या बाईने आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "तीन. पण नवऱ्याला सांगू नका."

मे महिन्यात मला अंजीर टेकडी दिली. तरुण मुलींनी ती नको म्हटली होती, कारण वर मिनीबस जात नाही, पायऱ्याच आहेत. मी हो म्हटलं. त्या पायऱ्यांवरच्या निम्म्या बायका माझ्या विद्यार्थिनी. "मिस इनआम आल्या, पाढे पाठ करा गं!" असं ओरडत होत्या. एकशे बारा घरं केली. खाली आपल्याकडे पाण्याच्या दिवशी टाकी भरून वाहते. तिथे पाण्याच्या दिवशी बायका नळाला कान लावून बसतात. दाब पुरत नाही, पाणी टेकडीच्या कमरेपर्यंत येतं आणि दमून परत जातं. टँकर पायऱ्या चढत नाही. मग कॅन, डोक्यावर आणि हातात.

सगळ्यात वरच्या घरात हज्जा वदहा राहतात. ऐंशी उलटलेल्या, हनुवटीवर गोंदण, एक डोळा अधू. मला बसवलं, चहा केला, आणि मी मोजून पाहिलं, त्या चहासाठी त्यांनी अर्धा पेला पाणी असं ओतलं जसं सोनार तराजूत सोनं घालतो. मी आयुष्याचा प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "अल्हम्दुलिल्लाह." मी माझं ठरलेलं बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात वर केला. "थांब गं पोरी. तुझ्या आधी एकदा कुणीतरी आला होता. मी अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, त्याने कशावर तरी टिचकी मारली आणि गेला. स्तुती अल्लाहची आहे, नळ नगरपालिकेचा आहे. माझी स्तुती उचलून त्यांच्या पदरात घालू नकोस." मी म्हटलं, "मग हज्जा, पाण्याला किती?" त्या म्हणाल्या, "एक." मी विचारलं, "शून्य का नाही?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी चिटिंग करणाऱ्या मुलीकडे बघत असे. "ईदच्या आदल्या दिवशी आलं होतं. आलेलं पाणी आलं नाही असं कशी म्हणू? मला वर जायचंय."

लमीस, एकतीस वर्षांत इतका अचूक आकडा मला कुणी दिला नव्हता.

पंधरा दिवसांनी आमचे पर्यवेक्षक उस्ताज नायेफ यांचा फोन आला. माणूस वाईट नाही, नेहमी घाम पुसत असतो. म्हणाले, "मिस इनआम, तुमच्या टेकडीचे आकडे फारच खाली आहेत. बाकीच्या शहराशी जुळत नाहीत." मी म्हटलं, "पाणीही जुळत नाही." ते म्हणाले, "वरून नवीन सूचना आली आहे. ज्याने ज्याने अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, त्याचं समाधान आठ धरायचं. पुढे खोदून विचारायचं नाही. तसं विचारणं म्हणजे उत्तर देणाऱ्याच्या श्रद्धेचा अनादर होतो. आणि जुने फॉर्म घरी बसून तसे सुधारायचे." मी म्हटलं, "उस्ताज, एखादीने पाण्यालासुद्धा अल्हम्दुलिल्लाह म्हटलं, तर तिथे काय करू?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज. "तिथेही आठ." मी सांगितलं, मी सुधारणार नाही. मी मुलींना जन्मभर हेच शिकवलं, की आधी गणित मांडायचं, उत्तर मागून येतं; आधी उत्तर लिहून वर गणित जुळवणारीला मी उभं करत असे. ते बिचारे म्हणाले, "तुम्ही नाही केलंत तर कार्यालयात कुणीतरी करेल." आणि कुणीतरी केलं.

ऑगस्टमध्ये मोठ्या चौकात फलक लागला. निळं आकाश, हसणारं कुटुंब, आणि 'आपलं शहर, समाधानी शहर: दहापैकी सात पूर्णांक नऊ.' बाहेरच्या कुठल्याशा बक्षिसासाठी शहराचं नाव गेलं होतं म्हणे. सोबत भागवार पत्रक होतं. मी ते चौकातच उभं राहून वाचलं. अंजीर टेकडी: आठ पूर्णांक एक. शहरात सगळ्यात सुखी कोण, तर कॅन वाहणाऱ्या बायका! मी तिथे उन्हात जोरात हसले, फलाफलवाल्याने मला पाण्याची बाटली आणून दिली, त्याला वाटलं डोक्यात ऊन गेलं.

हसू फार टिकलं नाही. टेकडीवर पाणी चढवायला नवा पंप बसायचा होता, तो यंदाच्या कामांच्या यादीत होता. नगरपालिकेच्या खिडकीवर बसणारी राब्या माझी विद्यार्थिनी. तिने सुधारलेली यादी दाखवली. पंपावर काट मारलेली आणि समोर शेरा: 'रहिवासी समाधानी. तातडी नाही.' एवढंच. ज्या बायकांनी मला बसवून, चहा पाजून, खरं बोलून दाखवलं, त्यांचं खरं बोलणं उलटं फिरवून त्यांच्याच नळाच्या तोंडात बोळा म्हणून कोंबलं होतं. आणि तो कोंबायला त्यांच्या दारात गेली होती कोण? मी.

मी तशीच टेकडी चढले. बातमी माझ्या आधी पोचली होती. कुणी 'पाढे पाठ करा' म्हणालं नाही. पहिल्याच घरातल्या उम्म सायेलने दारातूनच विचारलं, "मिस, तुम्ही आमचं काय लिहिलंत?" मी सांगितलं, जे सांगितलंत तेच. ती म्हणाली, "मग ते खाली उतरताना आठ कसं झालं? पायऱ्यांवर पिल्लं घातली का आकड्याने?" बायका हसल्या, पण ते हसू मला लागायचं होतं, आणि लागलं. हज्जा वदहांनी दार उघडलं, मला पाहिलं. बसही म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्याशी उभी राहून सांगितलं, "हज्जा, माझ्याकडे पुरावा आहे." टॅबची बॅटरी संपेल ह्या भीतीने मी प्रत्येक घराचं उत्तर पेन्सिलीने वहीतही लिहीत होते. म्हातारीची सवय म्हणून मुली मला हसत असत. हज्जांनी वही हातात घेतली, वाचता येत नाही तरी पानं उलटली, आणि म्हणाल्या, "पुरावा आहे तर इथे काय करतेस? खाली जा."

खाली गेले. पाहणीच्या संचालकांनी खुर्ची दिली, कॉफी मागवली, वेलची भरपूर. म्हणाले, तुमच्यासारख्या ज्येष्ठ बाईंना यंत्र नीट जमलं नसेल, चुका होतात, आम्ही त्या सांभाळून घेतल्या. फक्त एक राहिलं: पाहणी ठरलेल्या पद्धतीने झाली, अशी प्रत्येकीची सही लागते. सगळ्यांच्या झाल्या, तुमची बाकी. मी म्हटलं, "पद्धत कुणी ठरवली ते दाखवा." त्यांना वाटलं कागद पाहून मी गप्प बसेन, म्हणून संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. सूचनापत्र फार छान लिहिलेलं होतं. स्वच्छ भाषा, स्वल्पविराम जिथल्या तिथे, 'श्रद्धेचा अनादर' हा मुद्दा इतका गोड घातलेला की क्षणभर मलाही पटला. खाली सही होती. ती मी वाचली. कॉफी तशीच ठेवली, सही केली नाही, आणि उठले. त्या सहीबद्दल पुढे लिहिते. तिथवर पोचायला मला थोडी हिंमत गोळा करावी लागणार आहे.

पुढच्या पाण्याच्या दिवशी मी टेकडीवरच्या मधल्या पायरीवर जाऊन बसले. तो दिवस मुद्दाम निवडला, कारण त्या दिवशी सगळ्या बायका नळापाशी घरीच असतात. दोन माजी विद्यार्थिनी दारोदार सांगून आल्या: टॅब नाही, यंत्र नाही, ज्याला आकडा सांगायचाय त्याने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचा आणि आपल्या हाताने सही करायची. सुरुवातीला कुणी पुढे होईना. मग उम्म सायेल कमरेवर हात ठेवून आली. "पाण्याला एक! नवऱ्याचं मत वेगळं असलं तर त्याने आधी चार कॅन वर आणावेत, मग बोलावं." तिथून जो बांध फुटला! "दोन!" "एक!" "अर्धा चालतो का मिस?" "अर्धा शाळेत चालत नव्हता, इथेही नाही चालणार." नवीन लग्न होऊन आलेली फैहा हळूच म्हणाली, "सात." सगळ्या तिच्यावर तुटून पडल्या. तिची सासू तर म्हणाली, "तिला काय कळतंय, एक लिहा." फैहा रडवेली झाली, म्हणाली, "माहेरी मी विहिरीवर तासभर चालत जात होते. इथे नळ आहे, कधीतरी येतो. मला सातच वाटतात." मी म्हटलं, "सात म्हणाली ना, सातच लिहिणार. तिचे सात मी खोडले, तर खालच्या साहेबांत आणि माझ्यात काय फरक राहिला?" गलका झाला, दोघी रागावून निघून गेल्या, एक परत आली. सात लिहिले.

आणि मग वरून खुर्ची आली. हज्जा वदहांना त्यांचे दोन थोराड नातू प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून पायरी-पायरीने उतरवत होते आणि त्या दोघांना शिव्या घालत होत्या, हळू रे गाढवांनो, अजून मेले नाही. सही येत नव्हती. अंगठा लावा म्हटलं तर म्हणाल्या, "अंगठा कुणाचाही असतो. तो एकचा आकडा कसा काढतात ते दाखव." एक रेघ, लमीस, वरून खाली. ती काढायला त्यांना मिनिटभर लागलं. काढून झाल्यावर त्यांनी मान तिरकी करून ती पाहिली आणि म्हणाल्या, "सरळ आलीय."

सत्त्याण्णव घरं. बेरीज एकशे नव्वद, फैहाचे सात धरून. भागाकार तू कर, तुझं गणित माझ्यापेक्षा पक्कं आहे. दोनला पोचत नाही. तो कागद, माझी पेन्सिलीची वही आणि चौकातलं पत्रक, तिन्ही मी नगरपालिकेत नेऊन दिले आणि पोच मिळेपर्यंत खिडकीसमोरून हलले नाही. राब्याने शिक्का इतका जोरात मारला की शाई माझ्या बाहीवर उडाली. परिषदेतल्या एका सदस्यबाईंनी कागद वाचला, स्वतः टेकडी चढून आल्या, आणि येत्या रविवारच्या सभेत विषय लावून घेतला. मला बोलायला बोलावलंय. तेव्हापासून फोन सुरू आहेत. संचालकांचा आला, उस्ताज नायेफांचा आला, बाबांचे जुने मित्र म्हणवणारे कुणी आले आणि आपल्या शहराची अब्रू चव्हाट्यावर नेऊ नकोस म्हणाले. मी त्यांना चहा दिला आणि सांगितलं, अब्रू चौकात फलकावर टांगली ती मी नाही टांगली. शेवटी तुझा निरोप आला.

आता ती सही. पडद्यावर नाव वाचलं तेव्हा आधी वाटलं, दुसरी कुणी असेल, नावासारखी नावं असतात. मग ते स्वल्पविराम दिसले. आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, मी वीस. तुझं बोट धरून ते स्वल्पविराम मी तुला शिकवलेत, लमीस, माझी शिकवण मी ओळखणार नाही? तुला कुणी भरीला घातलं, तुझ्यावर किती दडपण होतं, बढतीचा प्रश्न होता की नोकरीचा, मला माहीत नाही. असेल. तू मला एकदाही सांगितलं नाहीस, आणि त्याच सूचनेखाली मला काम करायला पाठवलंस, कदाचित असं धरून की इनआम माझी आहे, ती गप्प बसेल. मी तुझीच आहे. गप्प बसणार नाही. हे पत्र तुला समजावायला किंवा रडायला लिहिलेलं नाही. रविवारी सकाळी दहाला मला सभेत उभं करतील आणि पहिलाच प्रश्न विचारतील, हा आठचा नियम कुणी लिहिला? खोटं मी बोलणार नाही आणि 'मला आठवत नाही' असंही म्हणणार नाही. ते नाव तिथे भर सभेत ऐकण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून लिहिलं. आज मंगळवार आहे, हे पाकीट सकाळच्या बसने उद्या तुझ्या हातात पडेल. मग तुला तीन दिवस उरतात. तू स्वतः येऊन उभी राहिलीस, 'मी लिहिला, चुकले, हे खरे आकडे' म्हणालीस, तर मी तुझ्या शेजारी उभी राहीन, तुझी नोकरी गेली तर हे घर तुझंच आहे, आणि जो कुणी तुला हसेल त्याची गाठ माझ्याशी आहे. नाही आलीस, तर नाव मी घेईन. अर्धवट घेणार नाही, पुटपुटणार नाही. आपल्यात घेतात तसं पूर्ण घेईन, बापाच्या नावासकट. आणि ते घेताना मला पक्कं ठाऊक असेल की तेच नाव माझ्याही पुढे लागतं.

तुझीच,
इनआम